आत आलेली पावलं

तेप्लुखा,
२४ ऑगस्ट १९९६

चि. येफिम यास,
ग्लाफिराताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू जिवंत आहेस असं धरून लिहिते. तुझं पत्र सणासारखं वर्षातून एकदा येतं, तेव्हा धरूनच चालावं लागतं.

बटाटे काढून तळघरात टाकले. यंदा ते लहान पण गोड आहेत. कोबी अजून शेतात आहे, ती पहिल्या थंडीनंतर आंबवीन. म्हाताऱ्या सावेलीला त्याची मुलगी शहरात घेऊन गेली. जाताना तो होडीत पाठमोरा बसला, म्हणाला की गाव लहान होताना बघवत नाही. आता संध्याकाळी माझ्या धुराड्याखेरीज दोनच धुराडी धूर सोडतात. तो दिसला की मी समजते, त्या दोघी अजून आहेत. त्याही माझ्याबद्दल तसंच समजत असतील.

गेल्या पत्रात तू आईच्या फळीवरून मला रागावलास. खिडकीबाहेरची ती फळी अजून तशीच आहे. शनिवारी भाजलेल्या पावांतला एक तिच्यावर ठेवते, वर फडकं, शेजारी दुधाचं मडकं. पळून आलेल्या कैद्याला खाऊ घालणं हा गुन्हा आहे, हा जुन्या काळचा खुळेपणा सोड, असं तू लिहिलंस. आईने जन्मभर हा गुन्हा केला, आणि तिची शवपेटी उचलायला तीन गावं आली होती. तू पाहिलंस की. शिवाय घाबरू नकोस, हल्ली तो पाव कावळे खातात. या बाजूला कोणी पळून आल्याला वर्षं लोटली. पळायलासुद्धा माणसाला पुढे कोणीतरी असावं लागतं.

टपाल घेऊन येणारी लुकेरिया सांगत होती की तुमची फौज कैद्यांच्या छावण्यांवरून उठणार, पहारा दुसऱ्या खात्याकडे जाणार. मग तरी ये. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. आईला पोचवून गेलास तो गेलासच. तुझी बायको रीम्मा मुलीकडून परत आली का, हे मी विचारत नाही. तूच सांगशील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
ग्लाफिरा


लुन्या नदीचा वरचा भाग, छावणीची वस्ती,
९ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप ग्लाफिराताईस,
धाकट्या येफिमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. रीम्मा आली नाही. नातवाला सांभाळायला कोणी नाही असं ती लिहिते. ते खरंही असेल. मी पलटणीच्या खानावळीत जेवतो आणि स्वतःचं ताट धुऊन घरी येतो. घरी चूल पेटवतो ती उबेपेक्षा आवाजासाठी.

लुकेरियाने ऐकलं ते खरं आहे. नव्या वर्षापासून आमची अंतर्गत सुरक्षा फौज छावण्यांवर राहणार नाही. तरुणांना दक्षिणेत दंगलींच्या जागी पाठवतील. माझ्यासारख्या जुन्या जमादारांना विचारलं आहे, नव्या खात्याच्या टोपीखाली इथेच राहता का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काम तेच. कुंपणांच्या मधली जमिनीची पट्टी घोडा लावून नांगरायची, वरून दंताळं फिरवून पिठासारखी मऊ ठेवायची, म्हणजे कोणी ओलांडली तर पाऊल उठतं. बाबा म्हणायचे की येफिमच्या हाताला नांगर शोभतो. या साऱ्या जंगलात माझ्या पट्टीइतकी मशागत केलेली जमीन नाही, आणि इतक्या वर्षांत तिच्यात एक दाणा पेरला नाही. गवताची काडी आली तरी मीच उपटतो. कधी कधी वाटतं, देव याबद्दल काय विचारील.

आता मुख्य गोष्ट. जाखार नावाचा एक कैदी आहे. वागणूक चांगली, म्हणून पहाऱ्याशिवाय घोडागाडी घेऊन लाकडं आणायला बाहेर जायची त्याला मुभा होती. गेल्या आठवड्यात संध्याकाळी घोडा गाडीसकट एकटाच तबेल्यात आला. माणूस आला नाही. त्याच्या शिक्षेचे तीन हिवाळेच उरले होते. अशा वेळी कोणी पळत नाही, म्हणून सगळे जास्तच चिडले आहेत. आम्ही सध्या वरच्या बाजूच्या दलदलीत शोधतो आहोत, पण मेजर द्रोज्जिन यांचा अंदाज आहे की तो नदी धरून खाली जाईल. खाली पहिलं गाव आपलं.

ताई, फळीवरचा पाव आत घे. मी त्याला शोधणार आणि तू त्याच्यासाठी वाढून ठेवणार, एका आईची आपण दोन लेकरं. लोक हसतील, आणि मग तुला धरून नेतील. धरणाऱ्यांत मी असलो तर काय करू, सांग.

गुडघ्यांना लोकरीचं गुंडाळत जा. धाकट्यावर लक्ष असू दे.

तुझा,
येफिम


तेप्लुखा,
१७ सप्टेंबर १९९६

चि. येफिम यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज आलं आणि तो शनिवारी आला.

सकाळी फळीवर पाव नव्हता आणि फडकं घडी करून ठेवलेलं होतं. कावळा घडी करत नाही. दुसऱ्या दिवशी कोठारामागचे ओंडके फोडून रचलेले दिसले. तुझे भावोजी मितरोफान गेल्यापासून ते तसेच पडले होते, मी त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मी अंगणात उभी राहून झाडांना ऐकू जाईल असं म्हटलं की ज्याने लाकडं फोडली त्याने निदान गरम तरी खावं. थोड्या वेळाने न्हाणीघराच्या पायरीवर एक माणूस बसलेला होता. दाढी पांढरी, हात तुझ्यासारखे.

आपल्याकडे नाव विचारत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तरी त्यानेच सांगितलं. का आत गेला तेही सांगितलं, दारूच्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला. ते सांगताना त्याने चमचा खाली ठेवला होता. मी विचारलं की बाबा, एवढी वर्षं काढलीस, थोड्यासाठी का पळालास. तो म्हणाला, मी पळालो नाही. अळंब्या दिसल्या म्हणून गाडीतून उतरलो, वाकलो, सरळ झालो, आणि मागे वळायचं राहून गेलं. घोड्याला घरी जायचं होतं, तो गेला.

त्याची बायको जर्मन वंशाची, कझाकच्या माळावरची. देश मोडला तेव्हा तिची सगळी माणसं जर्मनीला गेली, तीही मुलांना घेऊन गेली. नवा पत्ता कळवीन असं लिहिलं होतं. त्यानंतर काही नाही. सुटल्यावर जायचं कुठे हे त्याला माहीत नाही. ज्या देशाने त्याला शिक्षा दिली तो देशही आता नाही, असं म्हणून तो हसला. हसू बरं आहे त्याचं.

चूल धूर ओकायची, ती त्याने उकलून पुन्हा रचली. आता खोकला थांबला आहे.

हे सगळं तुला लिहिते कारण भावाशी खोटं बोलायला आईने शिकवलं नाही. तुझ्या शपथेला जे योग्य वाटेल ते तू कर. त्यालाही सांगितलं आहे की माझा भाऊ तुमच्याच छावणीत जमादार आहे. त्याने विचारलं, येफिम साव्विच का. मग म्हणाला, तो छान नांगरतो.

देव तुला समज देवो, आणि मलाही थोडी उरवो.

तुझी,
ग्लाफिरा


छावणीची वस्ती,
२५ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप ताईस,
येफिमचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र तबेल्यात वाचलं आणि चुलीत घातलं. माफ कर. तुझं पत्र मी पहिल्यांदाच जाळलं.

मेजर साहेबांनी काल मला बोलावून विचारलं की खालच्या गावात तुमची बहीण असते ना, तिकडून काही कळलं का. मी म्हणालो, म्हातारी बाई आहे साहेब, बटाट्यांबद्दल लिहिते. ते म्हणाले, बटाटे कसे आहेत. मी म्हणालो, लहान पण गोड. ते हसले आणि मी सुटलो. पण बाहेर येऊन मी झाडलेला तबेला पुन्हा झाडला. मी दोनदा शपथ घेतली आहे, एकदा जुन्या देशाची, एकदा नव्याची. दोन्ही वेळा कागदावर देवाचं नाव नव्हतं, पण मी मनात घेतलं होतं. त्यामुळे ती मोडताना त्रास होतो.

आता नीट वाच. आमच्या पलटणीत एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण प्रत्येक पोराला ठाऊक आहे. पळालेल्याला ज्याची गोळी लागते त्याला घरी जायची रजा मिळते. ही पोरं सक्तीने भरती झालेली, अठरा-एकोणीस वर्षांची, रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी. वाईट नाहीत. पेन्झाकडचा वेनिया परवा मला विचारत होता की साव्विच, तो म्हातारा अजून जंगलातच असेल ना, मेला तर नसेल. मला वाटलं त्याला दया आली. मग कळलं, त्याच्या आईचं ऑपरेशन आहे आणि त्याला घरी जायचं आहे. अशा पोराच्या हातात बंदूक असताना इशारा आणि गोळी यांच्यात किती अंतर राहतं, ते मी पाहिलं आहे.

देवमातेच्या पदराच्या सणानंतर, म्हणजे १४ ऑक्टोबरनंतर, शोधपथक होडीने खाली येणार आहे. घराघरांत बघतील. त्याच्या आत त्याने स्वतःच्या पायांनी परत यायला हवं. आपणहून आला तर कोर्ट थोडकी वर्षं वाढवील. सापडला तर पुष्कळ. आणि पोरांनी जंगलात गाठला तर कोर्टाची गरजच उरणार नाही.

त्याला सांग, सणाच्या सकाळी मुख्य दारावर माझी पाळी आहे. मी दाराबाहेर उभा राहीन, हातात बंदूक नसेल. त्याने रस्त्याच्या मधून, हात दिसतील असं यावं. मी स्वतः त्याला आत घेईन.

ताई, उशीर करू नकोस. तो तुझ्याकडे सापडला तर मी दोघांनाही वाचवू शकणार नाही.

मनापासून तुझाच,
येफिम


तेप्लुखा,
११ ऑक्टोबर १९९६

चि. येफिम यास,
आशीर्वाद. वि. वि.

तो आज उजाडता निघाला. सणाला पोचेल.

तुझं पत्र मी बरेच दिवस एप्रनच्या खिशात ठेवलं होतं. आधी हे सांगते, म्हणजे तुझं रागावणं उरकून जाईल. रोज ठरवायची की आज सांगते, आणि रोज तो काहीतरी दुरुस्त करत असायचा. येफिम, टेबलावर दोन पेले असले की चहा वेगळा लागतो. तो न्हाणीघरात झोपायचा आणि त्याचं घोरणं अंगण ओलांडून माझ्या खिडकीपर्यंत यायचं. कित्येक वर्षांत मी इतकी गाढ झोपले नव्हते. वाईट काही मनात आणू नकोस. आम्ही दोघं म्हातारी माणसं, तो मला मालकीणबाई म्हणायचा. पण पाव चांगला झालाय असं कोणी म्हणणं, ही काय चीज आहे ते तुला खानावळीत कळायचं नाही.

मग नदीच्या कडांना बर्फ धरायला लागलं आणि मला भीती वाटली. जेवण झाल्यावर तुझं पत्र वाचून दाखवलं, रजेच्या गोष्टीसकट. मी म्हटलं, वाट्टेल तिकडे जा, मी अडवणार नाही, खाली रेल्वेपर्यंत होडी मिळते. त्याने एकच विचारलं, तुमचा भाऊ खरंच उभा राहील का. मी म्हटलं, माझा भाऊ घरी यायचा आळशी आहे, पण बोललेलं करतो.

सकाळी पाव दिला, मितरोफानचे हातमोजे आणि पायमोजे दिले, कपाळावर क्रूसाची खूण केली. नदीच्या वळणापर्यंत दिसला. एकदाही मागे वळला नाही. मागे वळायचं त्याला जमतच नाही बहुतेक.

आता तो तुझ्या स्वाधीन. पोचला की दोन ओळी लिही. पोचला नाही तरी लिही.

तुझी,
ग्लाफिरा


छावणीची वस्ती,
२० ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप ताईस,
येफिमचा नमस्कार. वि. वि.

तो पोचला, जिवंत आहे, कोणी त्याला हात लावलेला नाही. आता सावकाश वाच, कारण पुढची गोष्ट माझ्या लाजेची आहे.

सणाच्या दिवशी पहाटेच बर्फ पडलं, आई म्हणायची तसं, देवमातेने जमिनीवर पदर घातला. उजाडायच्या आधीपासून मी दाराबाहेर उभा होतो. रस्ता पांढरा आणि रिकामा. खिशातल्या हाताने क्रूसाची खूण करत मी रस्त्याकडे बघत होतो. तेवढ्यात लाकूड कापायच्या अंगणाकडून पोरगा धावत आला, म्हणाला साव्विच, तुमच्या पट्टीवर पावलं आहेत.

मी धावलो. तिथलं कुंपण वसंतातल्या पुराने खचलं आहे. पलटण जाणारच म्हणून कोणी दुरुस्त केलं नाही. ताज्या बर्फावर एका माणसाची पावलं, जंगलाकडून आत आलेली. ताई, आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की आत येणारी पावलं दिसली, म्हणजे माणूस उलटा चालत बाहेर गेला. ही कैद्यांची जुनी युक्ती आहे. आणि आत कोण येतं? मेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पट्टी माझी, तेव्हा शब्द माझा. मी म्हणालो, उलटा चालत गेलाय साहेब, आणखी एक गेला.

भोंगा वाजला. मीच पोरांना घेऊन जंगलात गेलो. वेनिया सगळ्यांच्या पुढे होता, त्याला तिथूनच आईचं घर दिसत होतं. मी मनात म्हणत होतो, जाखार आला नाही, ताईला काय लिहू, आणि हा दुसरा कोण अभागी पोरांच्या तावडीत सापडणार. नदीपर्यंत गेलो. तिथे बर्फाच्या पापुद्र्यात माग हरवला.

इकडे छावणीत शिरगणती चालली होती. गेलेला कोण ते बघायला कैद्यांना रांगेत उभं करून मोजलं, तर एक जास्त भरला. पुन्हा मोजलं, एक जास्त. मेजर साहेब स्वतः आले, मोजणाऱ्यांना म्हणाले की तुमच्या बापांनी तुम्हाला मेंढ्यांमागे तरी कसं धाडलं. त्यांनी स्वतः मोजलं. एक जास्त. मग एकेक चेहरा बघत गेले, तर जाखार आपल्या जुन्या जागी उभा, मितरोफान भावोजींचे हातमोजे घालून.

दारावर पोरं असतील या भीतीने तो खचलेल्या कुंपणातून आत आला. मग आतून चालत मुख्य दारापाशी गेला आणि भिंतीला टेकून मला शोधत उभा राहिला. सगळे त्याच्या समोरून बाहेर धावत होते. एकाने तर त्याला ओरडून सांगितलं, म्हाताऱ्या, बाजूला हो, वाटेत येऊ नकोस.

दुपारी मी परतलो तेव्हा त्याला कोठडीत नेत होते. तो म्हणाला, साव्विच, मी आलो तेव्हा तू नव्हतास. रागाने नाही म्हणाला, बातमी सांगावी तसं म्हणाला. मी त्यालाच शोधायला गेलो होतो.

इतके दिवस कुठे होतास असं विचारल्यावर शिकाऱ्यांच्या रिकाम्या झोपडीत, असं त्याने सांगितलं. मेजर साहेबांनी त्याच्या शिवलेल्या कॉलरकडे पाहिलं आणि म्हणाले की आमच्या जंगलात अस्वलं फार सुबक शिवतात. पुढे विचारलं नाही. एक कमी भरला असता तर त्यांची नोकरी गेली असती, एक जास्त भरला तर फक्त कागद वाढतात. परत का आलास असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कोणीतरी दारात उभं राहणार होतं. कोण, तर म्हणाला, कोणी नाही. आपणहून आला असं लिहिलं आहे. हिवाळ्यात कोर्ट होईल, थोडकंच वाढेल असं सगळे म्हणतात.

तू विचारशील म्हणून लिहितो, येण्याबद्दल. नव्या खात्याला मी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही. आत येणारं पाऊल खरंच आत येणारं असू शकतं, हे ज्याच्या डोक्यात आलं नाही, असा माणूस गावात येऊन काय करील. मागे सुट्टीत आलो की आई फळीवर ठेवायच्या पावातलाच तुकडा मला वाढायची आणि कामाबद्दल एक शब्द विचारायची नाही. तिच्या त्या न विचारण्यापुढे मला जेवण जात नसे. आता ती नाही, तरी टेबल तेच आहे. गाव काय म्हणेल. पाहू.

नमस्कार गोड मानून घे.

तुझा,
येफिम


तेप्लुखा,
३० ऑक्टोबर १९९६

चि. येफिम यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

ही बहुतेक शेवटची होडी. नदी गोठली की पुढचं टपाल घसरगाडीवर.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. मेजर मेंढ्या मोजतोय त्या जागी मला हसू आलं, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जाखारपाशी ते थांबलं. तू मुद्दाम गेला नाहीस हे त्याला ठाऊक आहे. तरी कोठडीतून सुटला की एकदा त्याच्याजवळ जाऊन नुसता उभा राहा. बोलू नकोस, तुला ते जमत नाही.

त्याला पुडकं पाठवायचं म्हणून लुकेरियाला विचारलं. ती म्हणाली की नातं लिहावं लागतं, तू त्याची कोण. मी म्हटलं, बहीण लिही, एक भाऊ येत नाही म्हणून दुसरा केला. तिने तसं लिहिलं. कोणी तक्रार केली तर तू तिथे आहेसच.

न्हाणीघर पुन्हा गार आहे. झोप पातळ झाली आहे. असो.

गाव काय म्हणेल विचारतोस. गावात तीन बायका आहेत. एक बहिरी आहे, तिला तू आईचा लाडका येफिम एवढंच आठवतं. दुसरी म्हणते की तो आला तर माझ्या बागेचं कुंपण घालून घेईन, त्याला येतं ना. तिसरी मी. आई विचारायची नाही, कारण या घरात कोणालाच विचारत नसत. तेवढ्यासाठी तू इतकी वर्षं उपाशी उठलास, वेड्या. तिने तुलाही तोच पाव दिला, याचा अर्थ तू उलटा लावलास.

एका पळालेल्या माणसाला मी एकदाच परत जा म्हटलं, आणि तो बर्फातून चालत गेला. तुला किती वर्षं ये म्हणते आहे.

मी दारात उभी राहीन असं वचन देत नाही, माझे गुडघे ऐकत नाहीत. दार नुसतं लोटलेलं असतं. ढकलून आत ये. या घरात कोणी मोजत नाही, येफिम. एक जास्त झाला तर होऊ दे.

तुझी ताई,
ग्लाफिरा